पडद्यामागचा ठोका

१

डॉक्टरबाईंना आपलं काम आवडायचं, आणि ते सांगायला त्या लाजत नसत. हृदयवाल्यांच्या वाट्याला रडारड, पोटवाल्यांच्या वाट्याला नको ते वास. आपल्या वाट्याला मात्र कान आले, शांत, कोरडे, करंगळी जाईल एवढे, असं त्या म्हणत. लोक कानात काय काय घालतात याचे त्यांच्याकडे ढीगभर किस्से होते. पेन्सिलीचं टोक, मणी, आणि एका पोराच्या कानात तर हरभरा निघाला होता, चांगला मोड आलेला.

त्यांची तपासणीची खोली लहानशी. मधोमध वर-खाली होणारी खुर्ची, खुर्चीच्या डोक्याशी मायक्रोस्कोप, बाजूला हत्यारांचं टेबल. दिवा मालवला की मायक्रोस्कोपचा तेवढा उजेड कानात जायचा आणि बाकी खोली अंधारात. बाईंची एक सवय सगळ्या दवाखान्याला माहीत होती. डोळे एकदा मायक्रोस्कोपला लागले की त्या मान वर करत नसत. चिमटा हवा, तर हात टेबलाकडे. कापूस हवा, तर हात डबीकडे. पेशंटची नाडी हवी, तर हात खुर्चीच्या दांड्यावर, कारण पेशंटचा हात तिथेच असायचा. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला कधी दुसरं काही लागलं नव्हतं.

त्या दिवशी ते जोडपं आलं. काका निवृत्त बसड्रायव्हर, उंच, हातावर दाट केस, मनगटाला सैल स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ. काकू शिवणकाम करणाऱ्या, बारीक अंगाच्या, पदराला अजून दोरा चिकटलेला. दोघं दारातून आले तेच एकमेकांचा हात धरून. म्हाताऱ्या माणसांना पाय घसरायची भीती असते, तसं ते नव्हतं. सवयच होती.

"काय होतंय काकू?" बाईंनी विचारलं.

"डाव्या कानात कोणीतरी चालतंय. धप, धप, धप. उठता-बसता."

"माझं बोलणं हिला ऐकू येत नाही," काका म्हणाले, "आणि हे बरं ऐकू येतं."

"तुमचं बोलणं ऐकण्यासारखं असतं का?" काकूंनी त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, आणि बाईंना म्हणाल्या, "एक मात्र बरं झालंय. यांचं घोरणं आटोक्यात आलंय. आवाज फार झाला की मी त्या कानात बोट घालून दाबते. यांचं घोरणं थांबतं."

सिस्टर हसली. "कानात बोट घातल्यावर घोरणं थांबणारच की, काकू."

"अगं, पण दुसरा कान उघडाच असतो ना."

यावर सगळे पुन्हा हसले.

सिस्टरने काकूंच्या हातात स्टीलचा वाकडा ट्रे दिला. कानातून मळ निघाला तर पडायला. काकूंनी तो एका हाताने कानाखाली धरला आणि दुसरा हात दांड्यावर ठेवला. दिवा मालवला गेला. बाईंनी मळ काढला, डोळे मायक्रोस्कोपला लावले आणि आत पाहिलं.

कानाचा पडदा निरोगी असला की मोत्यासारखा दिसतो. हाही तसाच होता. पण त्याच्या मागे, खालच्या अंगाला, एक लाल मणी होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा, आणि तो उडत होता. बाईंच्या आयुष्यात असा मणी मोजक्याच वेळा दिसला होता. त्यांना आनंदच झाला म्हणा ना. पेशंटला आजार आहे म्हणून नव्हे, पण तीस जणांच्या मळानंतर असं काही दिसलं की कोणालाही होईल तसा.

मण्याचा ठोका नाडीशी जुळतो का, हे बघायचं असतं. बाईंचा हात दांड्यावर गेला, मनगट सापडलं. जुळत होता. चार-पाच ठोके शिस्तीत, मग एक खाडा, आणि खाडा भरून काढायला एक जोराचा. आत मणी थांबे, बोटाखाली नाडी थांबे. अगदी बरोबर.

"काकू, तुमचा ठोका चुकतो मधेमधे. माहीत आहे का?"

"डॉक्टर, गुदगुल्या होतात हो," उत्तर आलं. आवाज काकांचा होता.

बाईंनी मान वर केली. बाजूच्या स्टुलावर काका बसले होते. दांड्यावर काकूंचा हात, काकूंच्या हातावर काकांचा, आणि बाईंच्या बोटांत ते केसाळ मनगट, घड्याळासकट.

मग काय, हसून हसून सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, हात काढा," बाई म्हणाल्या, "मला बायकोची नाडी हवीय." त्याही हसत होत्या. हसता हसताच त्यांनी काकूंचं बारीक मनगट उचललं, आणि मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं.

२

काकूंची नाडी सरळ होती. शिलाई मशीनवर पाय मारावा तशी एकसारखी. एकही खाडा नाही.

बाईंनी पुन्हा डोळे लावले. मणी उडत होता. चार ठोके, पाच ठोके, खाडा. काकूंची नाडी त्या खाड्यातून सरळ पुढे निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर माणूस, तिथल्या तिथे घाबरायला काय झालं. त्या घाबरल्या नाहीत. उलट त्यांना जरा राग आला, बेरीज चुकल्यावर येतो तसा. कानातल्या धमन्या लहान, मनगटातली मोठी, रक्त पोचायला कमी-जास्त वेळ लागत असेल. मायक्रोस्कोपचा स्टँड हलत असेल. त्यांनी स्टँड घट्ट केला. मग कपाटातून जुनी रबरी नळी काढली. तिचं एक टोक पेशंटच्या कानात आणि दुसरं आपल्या. ही पद्धत आता कोणी वापरत नाही, पण बाईंना त्यांच्या गुरूंनी शिकवली होती आणि त्यांनी ती सोडली नव्हती.

नळीतून आवाज आला. धप, धप, धप, धप. खाडा. धप्प.

असा आवाज डॉक्टरलाही ऐकू येणं नवीन नव्हे, या आजारात येतो. बाईंनी नळी कानात ठेवूनच काकांकडे पाहिलं. ते स्टुलावर बसून भिंतीवरचं कानाचं चित्र वाचत होते. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं, आणि गळ्याशी, हाडांच्या मधल्या खळग्यात, कातडी उडताना दिसत होती. नळीतला आवाज आणि तो खळगा बरोबर चालले होते.

शेवटची तपासणी राहिली होती. काचेची नळी कानाला घट्ट बसवायची, तिला लावलेला रबरी फुगा दाबायचा. आत हवेचा दाब गेला की रक्ताची गाठ पांढरी पडते आणि क्षणभर थांबते. गाठ रक्ताची आहे याचा तो पुरावा. बाईंनी आयुष्यात हे अनेकदा केलं होतं. त्यांनी फुगा दाबला.

मणी फिका झाला, पांढरा झाला, थांबला.

"अगं, कशी बाई शांतता," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतकं सुख होतं की बाईंनी फुगा एक क्षण आणखी दाबून धरला. मग बाजूला स्टूल करकरलं. बाईंनी फुगा सोडला.

काका भिंतीला हात टेकून होते. कपाळावर घाम. "काही नाही, काही नाही," ते म्हणाले, "सकाळपासून पोटात काही नाही ना, जरा अंधारी आली. ही लवकर निघा लवकर निघा म्हणते."

सिस्टरने त्यांना पाणी आणि दोन बिस्किटं दिली. बिस्किटं खाऊन ते लगेच हुशार झाले. उपाशीच होते, बाई मनाशी म्हणाल्या. उपाशी माणसाला अंधारी येतेच. त्यांनी ते फुग्याचं साधन ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि ड्रॉवर नेहमीपेक्षा जरा जोरात बंद केला.

३

स्कॅनचा रिपोर्ट बाईंच्या अंदाजासारखाच आला. त्यांनी दोघांना समोर बसवून सगळं नीट सांगितलं.

"याला ग्लोमस म्हणतात. फार क्वचित होतं. रक्तवाहिन्यांचा गुंता होऊन ही गाठ बनते. कॅन्सर नाही, त्यामुळे जिवाची भीती मनातून काढून टाका. पण ती आहे तिथे वाढत राहते. आधी ऐकण्याची नाजूक हाडं खाईल, म्हणजे तो कान जाईल. त्याच्या मागून चेहऱ्याची नस जाते. तिथवर गेली तर चेहऱ्याची एक बाजू पडेल. तोंड वाकडं होईल."

"तोंड तर ती रोजच वाकडं करते," काका म्हणाले. "मला सवय आहे."

काकूंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला. मग विचारलं, "आणि काढली तर?"

"आत्ता ती वाटाण्याएवढी आहे. पडदा उचलायचा, मुळाशी रक्त बंद करायचं, काढून टाकायची. कान वाचेल. हे ऑपरेशन मी केलंय आणि ते चांगलं होतं."

"मग काढाच," काका म्हणाले. आता ते चेष्टा करत नव्हते. "डॉक्टर, मी आयुष्यभर 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली बसलो. बोलायचं सगळं साठून राहिलंय. हिला ऐकू आलं नाही, तर मी बोलू कोणाशी?"

काकू खाली बघत होत्या. "थोडं थांबलं तर नाही चालणार?" त्या म्हणाल्या. का थांबायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. काकांनी त्यांचा हात दाबला आणि तारीख ठरली.

ते गेल्यावर बाई खुर्चीत बसून राहिल्या. मुळाशी रक्त बंद करायचं, हे आपण किती सहज बोललो, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी स्वतःला चांगलं झापलं. शिकलेली बाई तू. एका म्हाताऱ्याला घेरी काय आली, त्याच्या आणि बायकोच्या नाडीत काय फरक पडला, आणि तू गोष्टी रचायला लागलीस.

तरीही त्यांनी सिस्टरला बोलावलं. "ऑपरेशनच्या दिवशी काकांनाही जरा शेजारच्या खोलीत झोपवू. ठोका चुकतो त्यांचा. छातीला वायरी लावून ठेवा. आणि मधलं दार उघडं राहू दे."

"दार? ऑपरेशन चालू असताना?"

"थोडंसं. आवाज आला पाहिजे."

४

भूलवाले डॉक्टर आनंदी माणूस. पेशंट झोपला की स्वतःशीच एखादी धून गुणगुणायचे, आणि बाईंना ती आवडायची. त्या दिवशी खोलीत दोन मशीन वाजत होती. एक डोक्याशी, काकूंचं, सरळ. दुसरं दाराच्या फटीतून, काकांचं, खाडे करणारं. मधून काकांचा आवाजही येत होता. घाटात ब्रेक निकामी झाल्यावर बस कशी थांबवली, हे ते दुसऱ्या सिस्टरला सांगत होते.

"शेजारी काय रेडिओ लावलाय का?" भूलवाल्यांनी विचारलं.

"असू दे. पेशंटचे यजमान आहेत," बाई म्हणाल्या.

डोळे मायक्रोस्कोपला लागले आणि त्यांचं मन थाऱ्यावर आलं. इथे त्या राणी होत्या. कानाच्या नळीची कातडी उचलली, पडदा पान उलटावं तसा बाजूला केला. मागची जागा उजेडात आली, आणि तिथे तो मणी, ओला, लाल. पडद्याशिवाय प्रथमच दिसत होता. दाराच्या फटीतून येणाऱ्या आवाजाशी तो ताल धरून होता. बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. कापसाचा बोळा औषधात भिजवला, आणि रक्त थांबावं म्हणून मण्यावर हलकेच टेकवला.

मणी पांढरा पडला.

शेजारच्या खोलीत काकांची बस थांबायच्या आधीच गोष्ट थांबली. मग मशीनही थांबलं. आधी खाडा वाटला. पण खाडा भरून काढणारा ठोका आला नाही. एक लांब, सपाट शिटी सुरू झाली.

बाईंनी कापूस उचलला. मणी गुलाबी झाला, लाल झाला, उडाला. शिटी तुटली. धप्प.

"...आणि काय सांगू सिस्टर," पलीकडून काका म्हणाले, "बस अशी उभी, पुढचं चाक हवेत."

"कोणाची वायर सुटली का?" भूलवाल्यांनी विचारलं.

"हो, सुटली असेल," पलीकडची सिस्टर म्हणाली. "लागली परत आपोआप."

आता शास्त्र काय सांगतं? एकदा झालं तर योगायोग. पुन्हा करून बघ, मगच बोल. बाईंचा हात कापूस धरून तसाच वर होता. पुन्हा टेकवायचा, एवढंच काम. पण समोर काही शाळेतला बेडूक नव्हता. पलीकडच्या खोलीत एक माणूस होता, चाक हवेत असलेली बस त्याला अजून खाली आणायची होती, आणि त्याला बोलायचं होतं ते सगळं अजून शिल्लक होतं.

"बाई?" भूलवाले म्हणाले. त्यांची धून थांबली होती.

"बंद करते," बाई म्हणाल्या. "नाही काढत. मुळं आत गेलीत."

मुळं कुठेही गेली नव्हती. इतक्या वर्षांत त्या ऑपरेशनच्या टेबलाशी पहिल्यांदाच खोटं बोलल्या. त्यांनी पडदा जागच्या जागी बसवला आणि टाके घातले.

५

दुसऱ्या दिवशी काकू खाटेवर बसून होत्या, डोक्याला पांढरी पट्टी. काका पाण्याची बाटली आणायला गेले होते.

"काकू, मला माफ करा," बाई म्हणाल्या. "जमलं नाही. धोका वाटला."

काकूंनी दाराकडे पाहिलं. काका आसपास नव्हते. "नाही काढलीत ना?" त्या हळूच म्हणाल्या. "देव भलं करो तुमचं."

बाई खाटेच्या कडेला बसल्या.

"ते घोरण्याचं मी गमतीत सांगितलं होतं ना. पहिल्यांदा गंमतच वाटली. एकदा मात्र बोट जरा जास्त वेळ राहिलं. घोरणं थांबलं, मग श्वासही थांबला. हलवलं तरी उठेनात. माझं बोट कानातच होतं, मला भानच नव्हतं. ते काढलं, तसे उठले आणि म्हणाले, काय गं, पाणी हवंय का." काकूंनी पांघरुणाची शिवण बोटांनी नीट केली. "परत नाही केलं. त्या कुशीवर झोपतसुद्धा नाही मी."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विश्वास ठेवला असतात का?"

बाईंनी खरं ते सांगितलं. "नसता ठेवला."

"आत्ता ठेवता का?"

बाईंनी त्यांची पट्टी तपासली. "तुमचा कान जाईल, काकू. आज ना उद्या."

"जाऊ दे की. दुसरा आहे." त्या हसल्या, आणि ते हसू अगदी मनापासूनचं होतं. "डॉक्टर, कोणत्या बाईला आपला नवरा ठीक आहे की नाही हे बसल्या जागी कळतं? मी मशीनवर असते, ते बाजारात असतात, आणि मला ऐकू येतं, चाललेत. जिना चढले की जोरात, बसले की हळू. यांना यातलं काही सांगू नका. जपून जपून जगायला लागतील, आणि ते त्यांना शोभायचं नाही."

काका बाटली घेऊन आले. "काय कट चाललाय?"

"तुम्हाला दर सहा महिन्यांनी यायचंय," बाई म्हणाल्या. "दोघांनी. गाठीवर लक्ष ठेवायला."

६

आणि ते येत राहिले. ती वर्षं चांगली गेली, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर गोष्ट उगाच काळवंडेल. दर सहा महिन्यांनी दोघं हातात हात घालून दारात उभे राहायचे. काकूंनी सिस्टरसाठी शिवलेली पिशवी आणलेली असायची. दिवा मालवला की बाईंचा हात दांड्यावर जायचा, आणि अंधारातून काका म्हणायचे, "डॉक्टर, गुदगुल्या." बाई म्हणायच्या, "काका, हात काढा." हे प्रत्येक वेळी व्हायचं आणि प्रत्येक वेळी तिघांनाही तितकंच हसू यायचं. फुगा ड्रॉवरमधून पुन्हा निघाला नाही.

गाठ वाढत होती. डावा कान हळूहळू बंद झाला. काका आता उजव्या बाजूने चालायचे आणि उजव्या कानात बोलायचे. त्यांची तब्येत ठणठणीत होती.

मग एका दुपारी काका गेले. जेवून आरामखुर्चीत बसले, पेपर तोंडावर घेतला आणि गेले. काकू मशीनवर होत्या, कानाला हातही लागला नव्हता. त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं. बाई रडल्या. त्या माणसावर त्यांचा जीव जडला होता.

पण रडून झाल्यावर, सांगायला बरं वाटत नाही, त्यांचा जीव भांड्यात पडला. गाठ होती तशीच होती आणि माणूस गेला. म्हणजे संबंध नव्हता. वायरच सुटली होती, उपाशीपोटीच अंधारी आली होती, काकूंच्या बोटाचा तो प्रसंग अर्धवट झोपेतला होता. जग पुन्हा सरळ झालं. एकच गोष्ट टोचत होती. आपण काकूंचा कान उगाच घालवला. निदान चेहरा तरी वाचवू, असं त्यांनी ठरवलं. नवीन स्कॅनमध्ये गाठ चेहऱ्याच्या नसेला टेकली होती. आता उशीर करून चालणार नव्हतं. त्यांनी काकूंना बोलावून घेतलं.

७

काकू एकट्या आल्या. जरा वाळल्या होत्या, पण चेहरा प्रसन्न होता. सिस्टरसाठी पिशवी होती.

बाईंनी स्कॅन दाखवला. "आता काढायलाच हवी. या महिन्यात काढली तर चेहरा वाचेल, नाहीतर मला काही सांगता येणार नाही. आणि आता," त्यांनी शब्द शोधला, "आता काही अडचणही नाही."

"एकदा आत बघा," काकू म्हणाल्या. "बघून झाल्यावर तुम्ही सांगाल तसं करू."

"काही होतंय का कानात?"

"बाहेरचं काही येत नाही त्या कानात. बाकी, मी सांगून तुम्हाला पटायचं नाही. बघा तुम्ही."

सिस्टरने ट्रे दिला आणि दिवा मालवला. काकांचं स्टूल अजून जागेवरच होतं. कोणी उचललंच नव्हतं. बाईंनी यावेळी मनाशी ठरवून ड्रॉवर उघडला, तो फुगा काढला आणि डाव्या हातात तयार ठेवला. एकदा दाबायचा, गाठ पांढरी पडते हे बघायचं आणि हा विषय कायमचा संपवायचा.

त्यांनी डोळे लावले.

गाठ आता पडद्याला भिडली होती, सगळी लाल. ती उडत होती. चार ठोके, पाच ठोके. खाडा. मग एक जोराचा.

बाईंनी पुन्हा मोजलं. तेच आलं. पण डोकं लगेच मदतीला धावलं. म्हातारपणी कोणाचाही ठोका चुकतो. काकूंचाही आता चुकत असेल, दुःखाने चुकतो, पुस्तकात लिहिलंय. नाडी बघितली की झालं. त्यांचा उजवा हात दांड्यावर गेला, मनगट सापडलं, आणि बोटाखाली ठोके आले. चार, पाच, खाडा, जोराचा. आतली गाठ आणि बोटाखालची नाडी अगदी बरोबर. जुळलं. बाईंनी श्वास सोडला.

"काकू, तुमचाही ठोका आता चुकायला लागलाय बरं का," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती. "हलू नका. ट्रे नीट धरा."

"धरलाय की. दोन्ही हातांनी धरलाय. सांडायची नाही मी."

सिस्टर पलीकडे कपाटाशी काचेच्या बाटल्या लावत होती, त्यांचा किणकिणाट येत होता. बाईंनी मान वर केली नाही. त्या कधीच करत नसत, आणि आत्ता तर त्यांना ती करताच आली नसती. त्यांची बोटं होती तिथेच राहिली. मनगट ऊबदार होतं. जाड होतं. करंगळीच्या कडेला काहीतरी गार लागत होतं, सैल, कडीकडीचं. आणि मग ते मनगट बोटाखाली किंचित आखडलं, हसू दाबताना माणूस आखडतो तसं.

डाव्या हातात फुगा होता. आता दाबला तर काय होईल, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला.

"दिसलं?" काकूंनी विचारलं.

"हो."

"मग सांगा. काढायची?"

"चेहऱ्याचं काय, काकू? तोंड वाकडं होईल."

"होऊ दे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज भरलेल्या घरातल्या बाईचा होता. "त्यांना सवय आहे."

बाईंनी डोळे मायक्रोस्कोपलाच ठेवले. आत लाल ठोका चालला होता, खाडे करत, खाडे भरून काढत. त्यांना भीती वाटत होती, खूप वाटत होती. तरी ओठांवर जुनंच वाक्य आलं, आणि ते नेहमीच्या आवाजात आलं.

"काका, हात काढा."

बोटांखालची जागा मोकळी झाली.

"सहा महिन्यांनी या," बाई म्हणाल्या. "दोघंही या."

"येऊ की," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही हातांनी ट्रे सिस्टरकडे दिला.